समोरून येणाऱ्याला सलाम

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर तलासरीच्या आसपास एखाद्या चहाच्या टपरीवर अर्धा तास नुसतं बसून पाहा. पहिली पाच मिनिटं फक्त घरघर आणि भोंगे ऐकू येतील. मग हळूहळू ध्यानात येईल की या गाड्या एकमेकींशी बोलताहेत. एसटीचा ड्रायव्हर समोरून येणाऱ्या एसटीला पाहून स्टिअरिंगवरचा पंजा उचलतो. एकाच मालकाचे दोन टँकर दुभाजकाच्या अलीकडून पलीकडून जाताना दिव्यांची उघडझाप करतात. बुलेटवाला बुलेटवाल्याकडे पाहून मान हलवतो. आणि रविवारी सकाळी मुंबईकडून गुजरातेकडे निघालेल्या त्या ठेंगण्या, जमिनीला चिकटून पळणाऱ्या स्पोर्ट्स गाड्या दिसल्या तर बघा, समोरून तशीच दुसरी गाडी आली की भरदिवसा दिवे लुकलुकतात. ओळख ना पाळख, पण रामराम होतोच.

आज या रस्त्यावरच्या रामरामाविषयीच थोडं बोलायचं आहे. वरवर पाहता विषय हलका आहे. पण त्याच्या पोटात एक-दोन गोष्टी अशा आहेत की ज्यांच्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

आधी त्या ठेंगण्या गाड्यांचंच घेऊ. आपल्याकडे या गाड्या नव्या असल्या, तरी त्यांचा शिष्टाचार जुना आहे. इंग्लंडमध्ये एम.जी.सारख्या बिनटपाच्या दोन आसनी गाड्या निघाल्या, तेव्हा त्यांचे मालक रस्त्यात भेटले की हात करीत. अमेरिकेत १९५३ साली कॉर्व्हेट नावाची गाडी आली, तिच्या मालकांमध्येही ही रीत इतकी रुजली की तिला नावच पडलं. जीपवाल्यांचंही तसंच. या सलामाचे नियम कुणी छापलेले नाहीत, पण साधारण शिरस्ता असा : हात स्टिअरिंगवरून पुरता सोडायचा नाही, दोन बोटं किंवा पंजा उचलला की पुरे. दिवसा दिवा चमकवला तर चालतो. रात्री मात्र समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश मारायचा नाही. ज्याची गाडी जुनी, त्याचा मान मोठा, म्हणून नव्या गाडीवाल्याने आधी हात करायचा. ओव्हरटेक करताना किंवा वळणावर हे उद्योग करायचे नाहीत. आणि समोरच्याने उत्तर दिलं नाही तर मनाला लावून घ्यायचं नाही, त्याचं लक्ष रस्त्यावर असेल.

हा प्रकार श्रीमंतांच्या चोचल्यांतून आलेला नाही. त्या जुन्या गाड्या वाटेत हटकून बंद पडायच्या. कधी पाणी उकळायचं, कधी पट्टा तुटायचा. जवळपास मिस्त्री नाही, सुटा भाग मिळत नाही. अशा वेळी उपयोगी पडणारा माणूस एकच, तशीच गाडी चालवणारा. म्हणजे ‘मी तुला पाहिलं आहे, अडलास तर थांबेन’ असा त्या उचललेल्या बोटांचा अर्थ होता. पुढे गाड्या बंद पडायच्या थांबल्या आणि बोटं तेवढी उरली.

दुसरं कारण संख्येचं. जी गोष्ट दुर्मिळ, तिचे धनी एकमेकांना ओळख देतात. आपल्या प्रीमियर पद्मिनीचंच पाहा ना. कुर्ल्याच्या कारखान्यातून ती निघत होती आणि मुंबईच्या टॅक्सी म्हणजे पद्मिनीच असं समीकरण होतं, तेव्हा कोण कुणाला हात करत होतं? २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सीही वयोमर्यादेमुळे निवृत्त झाली. आज डहाणूच्या चिकूवाडीतून एखादी जपलेली पद्मिनी बाहेर पडावी आणि समोरून तिची बहीण यावी, मग पाहा. दोन्ही गाड्या थांबतात, बॉनेट उघडली जातात आणि मागे रिक्षांची रांग लागते.

सलामाचा सगळ्यात मजेदार इतिहास मात्र इंग्लंडातल्या मोटार संघटनेचा आहे. १९०५ साली तिकडे ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली. त्या वेळी वेगाची मर्यादा होती ताशी वीस मैल, आणि पोलीस झुडपाआड घड्याळ घेऊन बसत. संघटनेने सायकलवर फिरणारे आपले गस्तवाले नेमले. पुढे पोलीस बसले असतील तर ते मोटारवाल्याला खूण करायचे. प्रकरण न्यायालयात गेलं. १९१०च्या सुमारास निकाल लागला की अशी सूचना देणं म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा आणणं. आता काय करायचं? संघटनेने उलटी युक्ती काढली. गस्तवाला संघटनेचा बिल्ला लावलेल्या प्रत्येक गाडीला एरवी कडक सलाम ठोकायचा. सभासदांना सांगून ठेवलं, की ज्या दिवशी तो सलाम करणार नाही, त्या दिवशी गाडी थांबवून त्याला कारण विचारा. झालं! सलाम आला तर रस्ता मोकळा, सलाम चुकला तर पुढे पोलीस. सलाम केला नाही म्हणून कुणाला तुरुंगात थोडंच टाकता येतं? ही पद्धत १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालली. मुंबईत १९१९ साली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन निघाली, ती याच प्रकारच्या संस्थांच्या कुळातली. मी कवितेच्या वाटेला गेलेला माणूस. न केलेल्या सलामातून अर्थ पोचवणारी ही मंडळी मला फार जवळची वाटतात. आमचा अर्धा धंदा त्यावरच चालतो.

आता थोडं मागे, घोड्या-उंटांच्या काळात जाऊ. इस्लामी परंपरेत सलामाचे जे अदब सांगितले आहेत, त्यांत वाटेवरच्या माणसांसाठी स्पष्ट क्रम आहे. स्वाराने पायी चालणाऱ्याला आधी सलाम करावा, चालणाऱ्याने बसलेल्याला, थोड्यांनी पुष्कळांना. आणि जबाब देणाऱ्याने निदान तेवढाच, जमल्यास त्याहून सरस द्यावा. लहानपणी मदरशात हे पाठ केलं तेव्हा त्यातलं मर्म कळलं नव्हतं. व्यवहारात तर उलटंच दिसायचं, पायी चालणारा गरीब माणूस घोड्यावरच्या किंवा मोटारीतल्या साहेबाला वाकून सलाम करायचा. मग हा उलटा क्रम का? कारण उंचावर बसलेल्याच्या हाती वेग असतो, वजन असतं. भीती खालच्याला वाटते. म्हणून ‘माझ्यापासून तुला धोका नाही’ हे आधी वरच्याने सांगायचं असतं.

स्पोर्ट्स गाडीवाला स्पोर्ट्स गाडीवाल्याला हात करतो, हे छानच आहे. पण तो सलाम बरोबरीच्याला झाला. तलासरीच्या नाक्यावर डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेल्या बायका महामार्ग ओलांडायला उभ्या असतात. दहा-दहा मिनिटं उभ्या असतात. एक पाय पुढे, एक मागे. त्यांच्यासाठी गाडी हळू करून, हाताने ‘जा’ म्हणणारा ड्रायव्हर मी पाहिला आहे, नाही असं नाही. तो बहुतेक वेळा जुन्या ट्रकवाला किंवा एसटीवाला असतो. ठेंगण्या गाडीला हळू होणं कठीण जात असावं.

याच तलासरी तालुक्यात, झरी गावात, मे १९४५मध्ये वारल्यांची मोठी परिषद भरली आणि सावकार-जमीनदारांकडे वेठ करायची नाही असं ठरलं. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो काळ लिहून ठेवला आहे. मालक दिसला की खाली वाकणं हा वेठीचाच भाग असतो. घाबरून केलेला सलाम हा सलामच नव्हे. आज इथली आदिवासी मंडळी एकमेकांना ‘जोहार’ म्हणतात तेव्हा मान ताठ असते. मोटरसायकलवर जाणारी पोरं समोरून येणाऱ्या पोरांना ओरडून ‘जोहार’ घालतात, आणि ते ऐकायला फार बरं वाटतं. हेल्मेट असतं तर अधिक बरं वाटलं असतं, ते सोडा.

मोटरसायकलवरून आठवलं. अमेरिकेत मोटरसायकलवाले डावा हात खाली सोडून दोन बोटं दाखवतात. तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे समोरचा डाव्या हाताला येतो आणि तो हात मोकळा असतो. आपल्याकडे सगळं उलट. समोरचा येतो उजवीकडून, आणि उजव्या मुठीत असतो अॅक्सिलरेटर. तो हात सोडला की गाडी मंदावते. म्हणून आपल्याकडे मान हलवायची. फ्रान्समध्ये आभार मानायला चक्क उजवा पाय बाहेर काढतात. आपल्याकडे कुणी पाय दाखवला तर भांडण व्हायचं! रीत यंत्रातून कशी जन्मते, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

एसटीवाल्यांच्या हात करण्याला तर कामाची बाजू आहे. कासा-सायवन, तलासरी-उधवा असे रस्ते अरुंद. समोरासमोर दोन बस आल्या की एकाने कडेला घ्यावंच लागतं. चढ-उताराचा अरुंद रस्ता असेल तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, उतरणाऱ्याने थांबायचं, हा नुसता रिवाज नाही, कायद्याचा नियमच आहे. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं जड जातं, म्हणून. वाट मिळालेला ड्रायव्हर जाताना हात करतो. थांबलेला हात करतो. मग दोघंही ओझरतं काही बोलतात, तेही बहुधा पुढच्या रस्त्याविषयी : झाड पडलंय, मोरीवर पाणी आहे, बैलगाड्या आहेत. पावसाळ्यात त्या दोन शब्दांची किंमत मोठी असते.

कायद्याची गोष्ट निघाली आहे म्हणून सांगतो. १९८९ सालच्या रस्त्याच्या नियमांत हाताच्या खुणा सविस्तर लिहिल्या होत्या. उजवा हात बाहेर काढून तळवा खाली करून वरखाली हलवला तर ‘मी हळू होतोय’. कोपरातून उभा धरला तर ‘थांबतोय’. आडवा धरून मागून पुढे अर्धवर्तुळात फिरवला तर ‘मागच्या, तू पुढे जा’. हा शेवटचा इशारा मला त्या सगळ्यांत सुंदर वाटतो. स्वतःहून दुसऱ्याला पुढे जाऊ देण्यासाठी राज्याच्या कायद्यात खूण असावी, हे केवढं सभ्यपण! आता काचा बंद, आत एअरकंडिशन. हात बाहेर कोण काढणार? मध्यंतरी तर काचांवर काळी फिल्म असायची, आत माणूस आहे की नाही हेही कळत नसे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ती फिल्म बंद केली ते सुरक्षेच्या कारणासाठी. पण त्यामुळे निदान चेहरे पुन्हा दिसू लागले.

हात आत गेले आणि बोलण्याचं सगळं काम दिव्यांवर आलं. इथेच खरी गडबड आहे.

माझे मामू ट्रक चालवायचे. मुंबई-सुरत-मुंबई, आठवड्यातून तीन खेपा. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ रंगवलेलं असे. ते लिहिण्यावर महाराष्ट्रात २०१५ साली बंदी आली, पण ती नंतरची गोष्ट. मामू म्हणायचे, “बेटा, दिवसा हॉर्न बोलतो, रात्री डिप्पर बोलतो. पण डिप्परला जीभ एकच आहे, शब्द दहा आहेत.” समोरच्याने दिवा एकदा उघडमीट केला, तर अर्थ कोणता? ‘ये, मी थांबतो’ असा होऊ शकतो. ‘थांब, मी येतोय’ असाही होऊ शकतो. ‘तुझा प्रकाश डोळ्यांवर येतोय, खाली कर’, ‘पुढे पोलीस आहेत’, ‘तुझं मागचं दार उघडं आहे’, ‘ओळखलंस का, मी तुझा गाववाला’, हे सगळे अर्थ त्याच एका लुकलुकीचे. मामूंच्या बरोबरीचा एक ड्रायव्हर एका अरुंद पुलाच्या तोंडाशी उभा होता. समोरून दिवा लुकलुकला. त्याने तो ‘ये’ असा वाचला आणि गाडी पुलावर घातली. समोरच्याने म्हटलं होतं, ‘थांब’. मामू त्याच्या मातीला जाऊन आले आणि त्यानंतर कितीतरी महिने अरुंद पुलापाशी गाडी बंद करून, खाली उतरून, क्लीनरला पलीकडे पाठवूनच पूल ओलांडायचे. लोक हसायचे. ते हसू द्यायचे.

गंमत अशी की जगातही या दिव्याच्या अर्थाबद्दल एकमत नाही. ब्रिटनच्या वाहतूक संहितेत स्पष्ट लिहिलं आहे की दिवा चमकवायचा तो फक्त ‘मी इथे आहे’ एवढं सांगण्यासाठी, दुसरा कोणताही निरोप त्यातून द्यायचा नाही. आणि तरीही तिथले लोक सर्रास तो ‘या, आधी तुम्ही’ अशाच अर्थाने वापरतात. जर्मनीत गावाबाहेरच्या रस्त्यावर ‘मी ओव्हरटेक करतोय’ हे सांगायला कायद्याने तो चालतो. जपानमध्ये वाट दिल्याबद्दल आभार मानायला इंडिकेटरचे चारही दिवे लुकलुकवतात. आपण तेच चार दिवे ‘मी सरळ जाणार आहे’, ‘पाऊस पडतोय’, ‘मी चुकीच्या जागी गाडी उभी केली आहे, पण रागावू नका’ अशा सगळ्यांसाठी लावतो. महामार्गावर मराठी, गुजराती, पंजाबी, राजस्थानी ड्रायव्हर एकत्र येतात. प्रत्येकाच्या गावची दिव्यांची बोली वेगळी. उजव्या इंडिकेटरचंच घ्या : काही ट्रकवाले तो ‘मागच्या, येऊ नको’ म्हणून लावतात, काही ‘ये, रस्ता मोकळा आहे’ म्हणून, आणि काहींना खरोखरच उजवीकडे वळायचं असतं.

म्हणून माझं साधं मत असं : दिव्याने नमस्कार करावा, निर्णय घेऊ नये. समोरचा दिवा चमकला तरी पूल आपल्या डोळ्यांनी पाहावा. पुलाचा उल्लेख मी उगाच करत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी दुपारी याच महामार्गावर, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. उदवाड्याहून मुंबईला परतत होते. तीन पदरी रस्ता पुलापाशी दोन पदरी होतो, ही गोष्ट त्यानंतर देशभर चर्चिली गेली आणि मागच्या सीटवरच्या पट्ट्याबद्दल लोक बोलू लागले. पुढे वाट अरुंद होते आहे, हे वेळेवर आणि निःसंदिग्ध कळणं, यापेक्षा रस्त्यावरच्या बोलण्याचं दुसरं मोठं काम नाही.

ते निःसंदिग्ध कसं करावं, हे पाहायचं असेल तर महामार्ग सोडून डहाणू रोड स्टेशनवर या. न थांबणारी लांब पल्ल्याची गाडी धाडधाड निघून जाते, तेव्हा स्टेशनचा माणूस हिरवा बावटा घेऊन उभा असतो. इंजिनातून चालक उत्तर देतो. शेवटच्या डब्यातून गार्ड, ज्यांना २०२२पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, तेही उत्तर देतात. समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांचे कर्मचारीसुद्धा एकमेकांकडे पाहून ‘सारं ठीक’ची खूण करतात. बाहेरून पाहणाऱ्याला तो रामराम वाटतो. खरं तर ती तपासणी असते. एखाद्या डब्याचं चाक तापलं आहे का, काही लोंबतं आहे का, धूर निघतो आहे का, हे गाडीतल्या माणसाला दिसत नाही, पलीकडून जाणाऱ्याला दिसतं. काही बिघडलं असेल तर लाल दाखवायचा. आणि इंजिनावरचा पिवळा फ्लॅशर लुकलुकत असेल तर समोरून येणाऱ्याने गाडी थांबवायचीच. तिथे एका खुणेला दुसरा अर्थ नाही. मामूंना रेल्वेत नोकरी मिळाली असती तर ते सुखी झाले असते.

स्पोर्ट्स गाड्यांपाशी एकदा परत येतो, कारण आमच्या या रस्त्याचा त्यांच्याशी एक मानाचा संबंध आहे. सचिन तेंडुलकरला मिळालेली ती लाल फेरारी २०११ साली सुरतेच्या एका व्यापाऱ्याने विकत घेतली. आता मुंबईहून सुरतेचा रस्ता आमच्या तलासरीवरूनच जातो, तेव्हा इथल्या टपऱ्यांवर ‘ती मी पाहिली’ असं सांगणारे दहाजण सहज भेटतात. प्रत्येकाच्या सांगण्यात वेळ निराळी. एकाच्या सांगण्यात तर तिने त्याला दिवाही दाखवला.

अलीकडे मात्र रस्त्यावर एक नवीनच रामराम ऐकू येऊ लागला आहे. हिरव्या नंबरप्लेटच्या, विजेवर चालणाऱ्या गाड्या. त्या अजून पुरेशा कमी आहेत, आणि वाटेत अडकण्याची धास्ती पुरेशी आहे, म्हणजे जुन्या एम.जी.वाल्यांचीच स्थिती. महामार्गावरच्या हॉटेलात चार्जिंगच्या खांबापाशी दोन अनोळखी माणसं भेटतात. नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. पहिला प्रश्न असतो, “किती टक्के उरलेत?” आणि ज्याचे जास्त उरलेले असतात, तो बहुतेक वेळा आपली वायर काढून दुसऱ्याला जागा करून देतो.